आकड्याखाली उभी राहणारी मित्सुयो

डोंगर चढायला येणाऱ्यांसाठीचं आमचं मुक्कामघर डोंगराच्या धारेवर आहे. धडधाकट माणूस खालच्या गावातून पहाटे निघाला तर उजेड असेतो वर पोचतो, आणि पोचल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो जेवायला काय आहे हा. त्यामुळे पाटीवर मालक म्हणून कुणाचंही नाव असो, खरं राज्य स्वयंपाकघराचं. आमच्याकडे ते मित्सुयोचं होतं.

सासरे गेल्यावर हे घर माझ्या गळ्यात पडलं. माझ्या नवऱ्याला उंचीवर डोकं दुखतं, म्हणून तो खाली गावात बुटांचं दुकान सांभाळतो आणि मला फोनवरून सल्ले देतो. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला फार आवडतं. मी पहिल्यांदा वर आले तेव्हा मित्सुयो आधीपासून तिथं होती. वयानं माझ्याहून बरीच मोठी, पण मनातल्या मनात मी तिला कधी अहोजाहो केलं नाही. तोंडावर मात्र कायम मानाचं 'मित्सुयोसान', कारण पळी तिच्या हातात होती.

तिच्या खालच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नाही. नवरा रस्त्याच्या कामावर होता, तो लवकर गेला. एक मुलगी, लग्न होऊन शेजारच्याच गावात. हिवाळाभर मित्सुयो मुलीकडे राहायची, लोणच्याच्या कारखान्यात मुळे चिरायची, आणि जून लागला की पाठीला पिशवी अडकवून वर यायची. कुणी विचारलं की या वयात कशाला हा खटाटोप, तर म्हणायची, खाली मी अमकीची आई आणि तमक्याची सासू असते, वर मी मित्सुयो असते. माझंही तेच होतं.

मग तिचे गुडघे गेले. आधी उतरताना दुखायचे, मग चढताना, मग नुसतं बसून उठताना. डॉक्टरनं सांगितलं, घरातला जिना चालेल, डोंगर विसरा. एप्रिलमध्ये ती आमच्या बुटांच्या दुकानात आली, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "मालकीणबाई, मला हेलिकॉप्टरनं न्या."

मी हसले. मला वाटलं चेष्टा करते आहे. आमच्या डोंगरावर पूर्वापार एकच कायदा आहे, माणसांनी चालायचं आणि सामानानं उडायचं. तांदूळ, बटाटे, गॅसच्या टाक्या, रॉकेलची पिंपं, बिअर, सगळं जाळ्यात बांधून हेलिकॉप्टरच्या पोटाखालच्या दोराला लटकतं आणि काही मिनिटांत आमच्या अंगणात उतरतं. त्याच वेळी आमची कामावरची पोरं खालच्या जंगलात घाम पुसत चढत असतात. हेलिकॉप्टरवाल्या कंपनीला सामान न्यायची परवानगी आहे, प्रवासी न्यायची नाही. मी स्वतः मालकीण असून एकदाही बसले नव्हते. आत बसायचं असेल तर त्या कामात तुमचे हात लागत असले पाहिजेत, एरवी नाही.

"मग माझे हात लावा कामाला," मित्सुयो म्हणाली. "वर जाळं सोडवायला माणूस लागतोच ना?"

लागतो. खालच्या तळावर एक माणूस जाळं दोराच्या टोकाच्या आकड्यात अडकवतो, आणि वर एक माणूस ते सोडवून परतीचं जाळं अडकवतो. डोक्यावर घोंघावणाऱ्या यंत्राखाली उभं राहून हे करायचं असतं. वरच्या माणसाला कंपनी पहिल्या खेपेला आत बसवून नेते. आमच्याकडे हे काम करायला कंपनीचाच एक पोरगा यायचा. मित्सुयोच्या या युक्तीत खोट काढायला मला काही सापडेना. म्हणून मी जे नेहमी करते तेच केलं. नकार दुसऱ्याच्या तोंडून यावा म्हणून तिला मोमोसेंकडे घेऊन गेले.

मोमोसे म्हणजे नदीकाठच्या तळावरचे मुकादम. कुठल्या घराचं सामान कधी जाणार, कुठलं जाळं किती जड, आज उडायचं की नाही, सगळं त्यांच्या शब्दावर. तरुणपणी, हेलिकॉप्टर कुणाला परवडत नव्हतं तेव्हा, ते माझ्या सासऱ्यांसाठी पाठीवरून ओझी वाहायचे. माणूस सरळ, पण बोलणं असं की जणू प्रत्येक शब्दाला कर बसतो. मला खात्री होती, ते हिला पाहतील आणि घरी पाठवतील.

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, उभं राहता येतं का. ती म्हणाली, उभी राहूनच जन्म गेला. त्यांनी विचारलं, सपाट जमिनीवर चार पावलं झटकन मागे येता येतं का. तिनं येऊन दाखवलं. मोमोसेंनी तिला शिरस्त्राण दिलं. दया नाही, कौतुक नाही. जमलं तर कामाच्या यादीत नाव लावीन, नाही जमलं तर नाही, एवढंच म्हणाले.

मे महिनाभर इतर घरांच्या खेपा चालतात. मित्सुयो रोज मुलीच्या गाडीतून तळावर यायची आणि मोमोसेंच्या हाताखाली शिकायची. मीही जायची, कारण दुकानात नवऱ्याचं ऐकण्यापेक्षा ते बरं. पहिला धडा आकड्याचा. पात्यांच्या फिरण्यानं आकड्यात वीज साठते, तो जमिनीला टेकायच्या आधी हात लावला तर असा झटका बसतो की मेलेली सासू आठवते. हे मित्सुयोला एकदाच सांगावं लागलं. दुसरा धडा परतीच्या जाळ्याचा. रिकामं जाळं वाऱ्यानं उडून मागच्या पंख्यात गेलं तर सगळा खेळ खलास, म्हणून परतीला खाली काहीतरी जड लटकलेलंच हवं. वरून खाली पाठवण्यासारखी जड वस्तू आमच्याकडे एकच, संडासाची पिंपं. "म्हणजे मी जे रांधते, तेच शेवटी हेलिकॉप्टरला सांभाळून नेतं," मित्सुयो म्हणाली. मोमोसेंच्या ओठाचा कोपरा हलला. मी तो पाहिला.

गाडी अडली ती तिसऱ्या धड्यावर, आणि तो धडा आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मित्सुयोनं जाळं अडकवलं, चार पावलं मागे आली, हात वर करून खूण केली. जाळं जमिनीवरून उचललं गेलं. आणि मित्सुयो कमरेत वाकली. दोन्ही हात मांड्यांवर, मान खाली, पाहुण्याला निरोप देताना वाकतात तशी. डोक्यावरून गॅसच्या टाक्या झुलत गेल्या आणि हिची नजर स्वतःच्या बुटांवर.

मोमोसेंनी शिट्टी फुंकली. हेलिकॉप्टर गेल्यावर ते तिच्याजवळ आले. "आकड्याखालच्या माणसानं मान खाली घालायची नाही," ते म्हणाले. "ओझं नजरेआड होईपर्यंत डोळे ओझ्यावर."

ती म्हणाली, माफ करा, आणि माफी मागताना परत वाकली.

यात तिचा काय दोष. आमच्याकडे सगळेच वाकतात. पाहुणा वळणाआड जाईपर्यंत दारात वाकून उभं राहायचं, ही आमची रीत. आणि हेलिकॉप्टर तर पाहुण्यांहून मोठं. ते आलं नाही तर घर उघडत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला अंगणात सगळे रांगेत उभे राहून वाकतात. मित्सुयोनं आयुष्यभर हेच केलं होतं. दुसऱ्या खेपेला ती परत वाकली. तिसऱ्यालाही. संध्याकाळी मोमोसे मला बाजूला घेऊन म्हणाले, की हात चांगले आहेत, पण मान वर राहिली नाही तर मी नाव लावणार नाही.

मी गाडीत तिच्यावर चिडले. म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुम्ही ती त्या जाळ्याखालीच घालवणार वाटतं. ती रडकुंडीला आली. "मी मुद्दाम करते का? मनात म्हणते वाकायचं नाही, आणि कंबर आपली आपण वाकते."

मग तिनं घरी सराव सुरू केला. म्हणजे काय, तर कुणालाही निरोप देताना वाकायचं नाही. पोस्टमन पत्र देऊन निघाला, ही दारात ताठ उभी, त्याच्या मोटारसायकलवर डोळे रोखून. भाजीवाल्याचं तेच. जावयाची आई भेटायला आली, तिला तर ही कोपऱ्यापर्यंत टक लावून बघत राहिली, पापणीसुद्धा न लववता. गावात बोभाटा झाला. मित्सुयोला म्हातारपणी शिंगं फुटली, कुणी म्हणालं लॉटरी लागली, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. बिचारी मुलगी घरोघर फिरून समजावत होती की आई हेलिकॉप्टरचा अभ्यास करते आहे, आणि त्यानं लोकांची खात्रीच पटली. मी हे ऐकून पोट धरून हसले. मित्सुयो हसली नाही. तिला वर जायचं होतं, आणि जाण्याची हीच एक वाट उरली होती.

परीक्षेच्या दिवशी वैमानिक कुदो होता. गुणी पोरगा, पण नको तितका सभ्य. मित्सुयोनं जाळं अडकवलं, मागे आली, खूण केली. त्यानं काचेतून तिच्याकडे बघून आदरानं मान झुकवली. आमच्या भागात समोरच्यानं मान झुकवल्यावर न वाकणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. मित्सुयोचा चेहरा लालबुंद झाला. हातांच्या मुठी वळल्या. पण ती ताठ राहिली, हनुवटी वर, आणि टाक्या नदीपलीकडच्या रानावरून दिसेनाशा होईपर्यंत तिनं नजर हलवली नाही. मोमोसेंनी कुदोला नंतर चांगलंच सुनावलं. आणि तिला म्हणाले, "पहिल्या खेपेला बसा."

आमच्या खेपांच्या आदल्या दिवशी मी पोरांबरोबर चालत वर गेले होते. सकाळी आभाळ उघडलं, हेलिकॉप्टर आलं, आणि त्यातून आधी मोमोसे आणि मागून मित्सुयो उतरली. तिला पोचवून मोमोसे त्याच हेलिकॉप्टरनं परत गेले. मी ओरडून विचारलं, कसं वाटलं. ती रागातच होती. म्हणाली, एवढासाच आहे की तो रस्ता, इतकी वर्षं उगाच पाय मोडून घेतले. मग शिरस्त्राणाचा पट्टा आवळून अंगणाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. दुपारी ढग चढेपर्यंत जाळी येत राहिली. पोरं सवयीनं रांगेत वाकत होती आणि त्यांच्या पुढ्यात ही एकटी ताठ. शेवटचं जाळं गेल्यावर तिनं शिरस्त्राण काढून खुंटीला लावलं, हात धुतले आणि भात लावला. मला फार बरं वाटलं. घर उघडलं असं तेव्हा वाटलं.

तो हंगाम चांगला गेला. पाहुणे खूप आले, पाऊस बेतानं पडला. अंगणापलीकडे मित्सुयोनं पाऊल टाकलं नाही, आणि तिला टाकायचंही नव्हतं. पोरांपैकी एकानं तिला चुकून आजी म्हटलं, त्याला तिनं आठवडाभर कांदे सोलायला बसवलं.

ऑक्टोबरात घर बंद करायच्या आधी शेवटच्या खेपा होतात. पिंपं, रिकाम्या टाक्या, कचरा, सगळं खाली जातं आणि शेवटी आकड्यावरचा माणूस आत बसून खाली जातो. तसं ठरलं होतं. पण त्या वर्षी बर्फ लवकर आलं. आधी धुकं, मग वारा, मग बर्फ. रोज सकाळी तळावरून फोन यायचा की आज नाही. आमची तारीख उलटली आणि हेलिकॉप्टर विजेचे मनोरे उभारायच्या कामावर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. त्याची तारीखही कधीपासून ठरलेली. त्यात कुणाची चूक नव्हती, म्हणून मला जास्तच राग आला. पाण्याचे नळ गोठायला लागले. पिंपं उन्हाळ्यापर्यंत तिथंच राहिली तरी चालणार होतं. मित्सुयोचं काय करायचं?

पोरांनी सोपा मार्ग काढला. पोलिसांना कळवू, मावशी पाय घसरून पडल्या म्हणून. आभाळ जरा उघडलं की त्यांचं हेलिकॉप्टर येईल आणि घेऊन जाईल. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. मी फोनकडे हात नेला.

"मी पडलेली नाही," मित्सुयो म्हणाली. "खोटं बोलून उडायचं असतं तर मे महिन्यात सगळ्या गावात स्वतःचं हसं कशाला करून घेतलं असतं? ज्याचा खरंच पाय मोडलाय त्याला राहू दे ते."

आणि तिनं बूट चढवले. काठी घेऊन निघाली, आम्ही मागोमाग. पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, पहिल्या दगडी पायरीवरून उतरली आणि तिथंच बर्फात बसली. गुडघा वळेना. मी तिला नको नको ते बोलले. हट्टी, आडमुठी, स्वतःही मराल आणि आम्हालाही माराल. पोरांनी तिला उचलून आत आणलं.

मी मोमोसेंना फोन केला. तक्रार नव्हती, नुसतं विचारलं की अशा वेळी काय करतात. ते म्हणाले, बरं, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर आले. चालत. बरोबर तळावरचे दोघे, आणि मोमोसेंच्या पाठीवर ओझी वाहायची जुनी लाकडी चौकट. माझ्या सासऱ्यांच्या वेळची, पट्टे मात्र नवे लावलेले. मी म्हटलं, तुम्ही कशाला, वय काय तुमचं. त्यांनी बुटांवरचं बर्फ झटकलं. "नाव मी लावलं होतं," ते म्हणाले. "वर नेलंय ते खाली आणायचं." मग भात मागितला. मित्सुयोनं वाढला.

सकाळी आम्ही निघालो. चौकटीवर बसवलेल्या माणसाचं तोंड मागे असतं. आम्ही सगळे पायाखाली बघत उतरत होतो आणि मित्सुयो एकटी वरच्या घराकडे बघत होती. तिघे आळीपाळीनं उचलत होते, पण कड्यालगतची वाट अरुंद असेल तिथं मोमोसे दुसऱ्या कुणाला देत नव्हते. त्यांचा श्वास मला मागेपर्यंत ऐकू येत होता.

"मोमोसेसान, ठेवा हो मला. जरा दम घ्या."

"ओझं बोलत नसतं."

"जड आहे का मी?"

त्यांनी खांद्यावरचा पट्टा सारखा केला. मग म्हणाले, "जाळ्यात बांधायला सोप्या आहात."

ती हसली. मागून चालताना मला तिचं तोंड दिसत होतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात पट्ट्यात अडकलेले म्हणून तिला ते पुसता येत नव्हतं. मी पुढे होऊन पुसलं.

खाली रस्त्यावर मुलगी गाडी घेऊन थांबली होती. मोमोसेंनी पट्टे सोडले आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे राहिले. कितीतरी वेळ त्यांना सरळ होता येईना. मित्सुयो गाडीत बसून ते बघत होती. मग काच खाली करून तिनं मला जवळ बोलावलं.

"मालकीणबाई, वर यायचं ते आपल्या पायानं, नाहीतर आपल्या कामानं. दुसऱ्याच्या पाठीवरून नाही. पुढच्या वर्षी दुसरी बघा."

तिचं म्हणणं खरं होतं आणि मला ते नको होतं.

यंदाच्या जूनमध्ये आकड्याखाली पुन्हा कंपनीचा पोरगा आला. दुसरी स्वयंपाकीण मी शोधली नाही, म्हणजे शोधली, पण एकीलाही होकार दिला नाही. पहिल्या दिवशीचा भात मीच लावला. उंचीवर भात शिजवणं सोपं नाही, तो खालून करपतो की वरून कच्चा राहतो ते झाकण उघडेपर्यंत कळत नाही. माझा दोन्ही झाला. बाहेर खेपा चालू होत्या, पोरांना भूक लागली होती. शेवटी स्वयंपाकघरातून मी तिला फोन लावला.

तिनं मला पाणी किती, आच किती, वरून दगड किती जड ठेवायचा, सगळं सांगितलं. मी म्हटलं, बरं, ठेवते. ती म्हणाली, थांबा. मग म्हणाली, फोन जरा दाराबाहेर धरा.

मी दारात गेले आणि हात लांब करून फोन बाहेर धरला. तांदळाचं जाळं घेऊन हेलिकॉप्टर अंगणावर येत होतं. धूळ उडाली, पत्रे थडथडले, दुसरं काही ऐकू येईना. जाळं उतरलं, पिंपं अडकली, यंत्र वर चढून दरीकडे वळलं. आवाज पार विरेपर्यंत मी हात खाली घेतला नाही. मग फोन कानाला लावला. ती अजून होती.

"बरं," ती म्हणाली. "आता भाताकडे बघा."